पुलाची पिन आणि स्टीलवरची साय

गेल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या सौर बंबाचा सांगाडा बदलायचा होता. पुन्हा गंजायला नको म्हणून मुद्दाम स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट आणले. फिटरने पहिला नट बोटांनीच फिरवत नेला, शेवटचे दोन-तीन आटे पान्याने आवळायला घेतले आणि नट मध्येच थांबला. पुढे जाईना, मागे येईना. हात लावून पाहिला तर बोल्ट चांगलाच कोमट झालेला. पान्याला पाइप जोडून जोर लावला, तशी बोल्टची मुंडीच तुटून खाली पडली. गंजाचा एक ठिपकाही नसलेला, कोरा, चकचकीत बोल्ट! जुन्या सांगाड्याचे लोखंडी बोल्ट मात्र कैक पावसाळे भिजूनही थोडं रॉकेल सोडल्यावर कुरकुरत का होईना, निघाले होते.

"स्टीलवर स्टील असंच धरतं," फिटर म्हणाला. "ग्रीस लावल्याशिवाय फिरवायचंच नाही."

जे गंजत नाही ते जाम का होतं, हा प्रश्न गच्चीवर फार तर एका बोल्टापुरता असतो. पण हाच प्रश्न पुलाचं वजन पेलणाऱ्या, मांडीएवढ्या जाड पिनेबाबत पडतो तेव्हा त्याच्या उत्तरावर माणसांचे जीव अवलंबून असतात. अशा पिनेसाठी स्टेनलेस स्टील निवडताना अभियंते नेमका कशाचा विचार करतात, ते पाहू.

झोपाळ्यासारखा टांगलेला पूल

मोठ्या पोलादी पुलांमध्ये एक जुनी युक्ती आहे. दोन्ही बाजूंच्या खांबांवरून तुळया थोड्या पुढे काढायच्या आणि मधल्या उरलेल्या अंतरात एक वेगळा तुकडा त्या तुळयांच्या टोकांना टांगायचा. हाइनरिश गेर्बर या जर्मन अभियंत्याने १८६६ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. टांगायचं कसं? तर आपल्या घरातल्या झोपाळ्यासारखं. आढ्याला आकडा असतो, त्यात कडी अडकते, कडीला पाट लटकतो. पुलावर आकड्याच्या जागी जाडजूड गोल पिन असते आणि कडीच्या जागी दोन्ही टोकांना भोकं असलेली पोलादी पट्टी. वरची पिन खांबाकडून आलेल्या तुळईत, खालची पिन टांगलेल्या तुकड्यात, आणि दोन्ही पिनांना धरणाऱ्या पट्ट्या.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण पोलाद उन्हात वाढतं. १०० मीटर लांबीचं पोलाद ४० अंशांच्या फरकाने जवळपास ५ सेंटिमीटर लांब-आखूड होतं. पिनेभोवती पट्टी किंचित फिरली की पूल मोकळा श्वास घेतो. शिवाय असा सांधा असला की कुठल्या भागावर किती भार येतो याचा हिशेब कागद-पेन्सिलने करता येतो. संगणक येण्यापूर्वी ही सोय फार मोलाची होती. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतल्या महामार्गांवर असे पूल मोठ्या संख्येने बांधले गेले.

म्हणजे या पिनेने दोन कामं एकाच वेळी करायची: प्रचंड वजन पेलायचं आणि तरीही फिरत राहायचं. झोपाळ्याची कडी कुरकुरायला लागली की आपण तेल सोडतो. पुलाच्या पिनेचा सांधा रस्त्याच्या खाली, पट्ट्यांच्या मध्ये, धुळीत आणि गळत्या पाण्यात दडलेला असतो. तिथे रोज कोण तेल सोडणार?

मायनस नदीवरची रात्र

२८ जून १९८३. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ग्रिनिच गावाजवळ मायनस नदीवरच्या पुलाचा सुमारे ३० मीटर लांबीचा टांगलेला तुकडा मध्यरात्रीनंतर निखळून खाली गेला. दोन ट्रक आणि दोन मोटारी त्याच्यामागे अंधारात कोसळल्या. तीन माणसं दगावली, तीन जखमी झाली. हाच अपघात दिवसा, गर्दीच्या वेळी झाला असता तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही.

त्या पिना साध्या पोलादाच्या, सुमारे ७ इंच जाडीच्या होत्या. अपघाताच्या दहाएक वर्षं आधी पुलाच्या दुरुस्तीत रस्त्यावरची पाणी वाहून नेणारी तोंडं डांबराखाली बुजली होती. पाणी आणि बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ सांध्यांमधून खाली झिरपत राहिलं. पिन आणि पट्टी यांच्यामधल्या फटीत गंज धरला. इथे गंजाचा एक स्वभाव लक्षात घ्यायला हवा: तो धातू खातो, पण त्याचबरोबर फुगतोही. ज्या लोखंडापासून तो बनतो त्याच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो. पावसाळ्यात फुगलेलं दार चौकटीला कसं रेटतं, तसा बंद फटीत फुगणारा गंज जाड पोलादी पट्टीलाही बाजूला सारतो.

मायनसच्या पुलावर एका कोपऱ्यातली आतली पट्टी अशी सरकत सरकत खालच्या पिनेवरून निसटली. सगळं वजन बाहेरच्या एकट्या पट्टीवर आलं. मग वरच्या पिनेला हळूहळू तडा गेला, तिचा काठ तुटला आणि तुकडा कोसळला. त्या कोपऱ्यात भार झेलायला दुसरं काहीच उरलं नव्हतं.

त्यानंतर जुन्या पुलांच्या पिना बदलताना "गंजतच नाही असं पोलाद का वापरू नये?" हा प्रश्न साहजिकच पुढे आला. प्रश्न साधा होता, उत्तर तेवढं साधं निघालं नाही.

दुधावरची साय

स्टेनलेस स्टील गंजत नाही म्हणजे काय होतं? लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की हवेतल्या ऑक्सिजनशी क्रोमियमचा संयोग होऊन पृष्ठभागावर एक पारदर्शक पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा लाख भागांपैकी दोन-तीन भाग एवढीच. हा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा आहे. चमच्याने बाजूला केला तरी पुन्हा धरतो. घट्ट चिकटून बसलेला हा थर आतल्या धातूला हवा-पाण्यापासून झाकून ठेवतो. म्हणून घासणीने रोज खरवडली जाणारी ताटं-वाट्या वर्षानुवर्षं चकचकीत राहतात.

पण साय धरायला ऑक्सिजन लागतो, आणि साय नाजूक असते. स्टेनलेस स्टीलच्या पिनेचे सगळे गुणदोष या दोन गोष्टींतून उलगडत जातात.

मधे पीठ नसेल तर

पोळ्या लाटून एकावर एक ठेवताना मधे पीठ भुरभुरलं नाही तर त्या एकमेकींना चिकटतात. कणकेला कणीक ओळखते. धातूंचंही तसंच आहे. दोन धातू एकमेकांवर टेकलेले दिसतात तेव्हा खरं तर त्यांच्या पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटेच टेकलेले असतात, आणि मधे पापुद्र्याचं, ओलाव्याचं, ग्रीसचं "पीठ" असतं. जड दाबाखाली पृष्ठभाग घासले की उंचवट्यांच्या टोकावरची साय फाटते. नागडा धातू नागड्या धातूला भिडतो आणि तिथे दोघे जुळून एक होतात. बाहेरून उष्णता नाही, वेल्डिंगचा रॉड नाही, तरी जोड तयार! पुढच्या हालचालीत तो जोड तुटतो तो जुन्या रेषेवर नव्हे. एका बाजूचा धातू सोलवटून दुसऱ्या बाजूला चिकटतो. त्या गोळ्यामुळे फट आणखी घट्ट होते, पुढची सोलवट आणखी मोठी निघते. ग्राइंडरने कापून काढलेला माझा बोल्ट मी भिंगाखाली पाहिला. आट्यांची धार एका बाजूने ओरबाडली होती आणि चकचकीत धातूचं बारीक कवच शेजारच्या आट्यावर लिंपल्यासारखं बसलं होतं.

साध्या स्टेनलेस स्टीलमध्ये हे जास्त का होतं? ते मऊ आणि लवचीक असतं, सहज तुटत नाही, ताणत जातं. घासताना निर्माण झालेली उष्णता ते पटकन वाहून नेत नाही. साध्या पोलादाच्या तुलनेत त्याची उष्णता वाहण्याची क्षमता सुमारे एक तृतीयांश. स्टीलच्या पातेल्यांना तांब्याचं बूड लावतात ते यासाठीच, नाहीतर मधोमध भाजी लागते. नटामध्ये मात्र ती उष्णता जिथल्या तिथे साठते आणि चिकटण्याला हातभार लावते.

आता हेच पुलाच्या पिनेवर नेऊन पाहा. पिन दिवसभरात अगदी थोडी फिरते, पण फिरते. प्रत्येक ट्रकमागे थरथरते. दाब प्रचंड. साधं स्टेनलेस त्याच जातीच्या पट्टीत बसवलं तर काही काळाने पिन आणि पट्टी एकमेकांत रुतू शकतात. रुतलेली पिन गंजलेल्या पिनेइतकीच वाईट. पूल उन्हाने वाढू पाहतो, सांधा फिरत नाही, मग पट्टी वाकू लागते आणि पिनेला पीळ बसतो. त्या पिळाचा हिशेब आराखड्यात कुणी धरलेला नसतो.

आगकाडीचा हिशेब

बाजारात सर्वांत परिचित स्टेनलेस म्हणजे ३०४ क्रमांकाचं: सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल. चांगल्या प्रतीची भांडी, दुधाच्या टाक्या याच्याच असतात. ते लोहचुंबकाला जवळजवळ चिकटत नाही. थंडीत ठिसूळ होत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण ताकद?

आगकाडीएवढी, म्हणजे २ मिलिमीटर गुणिले २ मिलिमीटर जाडीची सळई डोळ्यांसमोर आणा. ती ३०४ ची असेल तर सुमारे ८४ किलो वजन टांगलं की ती कायमची ताणू लागते. एखादा धडधाकट माणूस लटकला तर तिच्या सहनशक्तीची सीमा आली. २२०५ नावाच्या जातीची काडी १८० किलोंपर्यंत तग धरते, आणि १७-४ पीएच या जातीची, मऊ ठेवलेल्या अवस्थेतली काडी जवळपास ३०० किलो. मायनस पुलासारख्या ७ इंची पिनेच्या आडव्या छेदात अशा सहा हजारांहून अधिक काड्या मावतात, यावरून या आकड्यांचा पुलावरचा अर्थ ध्यानात येईल.

थंड अवस्थेत ओढून किंवा ठोकून ३०४ ची ताकद वाढवता येते. तार कडक होते ती अशीच. पण हा कडकपणा बाहेरून आत शिरतो. बोटाएवढ्या सळईत तो गाभ्यापर्यंत पोचतो, मांडीएवढ्या पिनेत नाही. त्यामुळे कोष्टकात बारीक सळईसमोर छापलेला आकडा जाड पिनेला लावणं ही मोठी चूक ठरते, आणि माझ्या मते या विषयात सर्वांत सहज होण्यासारखी चूक हीच आहे.

मग सरळ सर्वांत ताकदवान पोलाद का घेऊ नये? १७-४ पीएच मध्ये थोडं तांबं असतं. ठरावीक तापमानाला तापवलं की तांब्याचे अतिसूक्ष्म कण धातूत जागोजागी बाहेर पडतात आणि चढावर गाडीच्या चाकाखाली लावलेल्या दगडांसारखे धातूच्या थरांना घसरू देत नाहीत. सुमारे ४८० अंश सेल्सिअसला तापवलं तर ताकद कमाल, ६२० च्या आसपास तापवलं तर ताकद बरीच कमी पण चिवटपणा जास्त. पुलासाठी यांतला दुसरा पर्यायच हवा. अतिकडक पोलादाला ओलाव्यातून येणाऱ्या हायड्रोजनचं भय असतं: सर्वांत हलका अणू, तो धातूत शिरतो आणि ताण असलेल्या जागी त्याला ठिसूळ करतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या बे ब्रिजवर मार्च २०१३ मध्ये हेच घडलं. तिथले ३ इंची गज स्टेनलेस नव्हते, जस्ताचा मुलामा दिलेल्या अतिकडक पोलादाचे होते. आवळून ठेवल्यावर काही दिवसांतच ९६ पैकी ३२ गज तुटले. पूल वाहतुकीला खुला होण्यापूर्वी तुटले हे नशीब.

चौकट: पिनेसाठी विचारात येणारी पोलादं

३०४ आणि ३१६: चिवट, सहज मिळणारी, पण मऊ आणि एकमेकांत रुतणारी. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने खाऱ्या हवेत ते ३०४ पेक्षा सरस.

२२०५: सुमारे २२ टक्के क्रोमियम, ५ टक्के निकेल, ३ टक्के मॉलिब्डेनम. ताकद ३०४ च्या दुपटीहून जास्त, खाऱ्या पाण्याला चांगलं तोंड देतं. चुंबकाला चिकटतं. फार जाड तुकड्यात गाभ्याची परीक्षा आवश्यक.

१७-४ पीएच: सर्वांत ताकदवान, उष्णतेची प्रक्रिया कोणती दिली आहे यावर सगळं अवलंबून. खाऱ्या पाण्यात २२०५ च्या मागे.

नायट्रॉनिक ६०: सुमारे १७ टक्के क्रोमियम, ८ टक्के मँगनीज, ४ टक्के सिलिकॉन. ताकद मध्यम, पण रुतण्याला विरोध करण्यात या सगळ्यांत पुढे.

फटीत हवा संपते तेव्हा

कोकणात समुद्रकाठच्या बंगल्यांना बसवलेले स्टीलचे कठडे पाहा. वर्ष-दोन वर्षांत त्यांवर तांबूस ठिपके उमटतात, आणि सर्वांत आधी उमटतात ते जोडांपाशी, स्क्रूच्या टोपीखाली. उघड्या भागावर पाऊस मीठ धुऊन नेतो आणि साय पुन्हा धरते. फटीत मात्र खारं पाणी अडकून राहतं. तिथला थोडासा ऑक्सिजन संपला की नवी साय धरत नाही. मिठातले क्लोराइड आत जमत जातात, पाणी आम्लासारखं होतं आणि धातूत बारीक, खोल भोकं पडू लागतात. बाहेरून सगळं चकचकीत, आत पोखरलेलं. पिन आणि पट्टी यांच्यामधली जागा म्हणजे अशी फटच. मॉलिब्डेनम आणि नायट्रोजन यांनी साय अधिक चिवट होते, म्हणून किनाऱ्यावर ३०४ सोडून ३१६ किंवा २२०५ कडे जावं लागतं. रामेश्वरमच्या नव्या पांबन पुलात, जो एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला, काँक्रीटमध्येही स्टेनलेसच्या सळया घातल्या आहेत त्या याच खाऱ्या वाऱ्याच्या धाकाने.

मीठ आणि कायमचा ताण एकत्र आले की आणखी एक संकट उभं राहतं. स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी १९७२ मध्ये बांधलेल्या पोहण्याच्या तलावावर काँक्रीटचं छत स्टेनलेस स्टीलच्या गजांनी टांगलेलं होतं. ९ मे १९८५ रोजी ते पाण्यात कोसळलं आणि बारा जण मृत्युमुखी पडले. पाणी शुद्ध करणाऱ्या क्लोरीनमुळे तलावाच्या दमट हवेत क्लोराइड होते. त्यांनी ताणाखालच्या गजांमध्ये झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटलेले तडे पाडले. गज छताच्या वर होते, कुणाच्या नजरेला न पडणारे. "स्टेनलेस आहे, त्याला काय होतंय" या विश्वासाची किंमत किती असू शकते, हे उस्टरने दाखवलं.

२२०५ ची रचना इथे कामी येते. त्याच्या आत दोन प्रकारचे कण निम्मे-निम्मे, एकमेकांत विणलेले असतात. एका प्रकारच्या कणातून धावणारा तडा दुसऱ्या प्रकारच्या कणापाशी अडखळतो. मात्र हे पोलाद तापवल्यानंतर पाण्यात झटकन निववावं लागतं. ९५० ते ७०० अंशांच्या दरम्यान ते रेंगाळलं तर आत एक कठीण, ठिसूळ पदार्थ साकळतो. बारीक सळई क्षणात निवते. जाड पिनेचा गाभा, रात्रभर ऊब धरणाऱ्या मोठ्या हंड्यासारखा, सावकाश निवतो. म्हणून जाड पिन घेताना कारखान्याच्या दाखल्यावर विसंबू नये. त्याच तुकड्याच्या आतल्या भागातून नमुना कापून, गार करून, हातोड्याच्या एका घावात तो किती चिवटपणे तुटतो हे तपासून घ्यावं, असा आग्रह धरायला हवा.

एकटी पिन निवडता येत नाही

आतापर्यंत पिनेचा विचार केला. खरं तर निवडायची असते ती जोडी. आढ्याचा लोखंडी आकडा आणि झोपाळ्याची पितळी कडी ही जोडी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पितळ लोखंडाला धरत नाही. कडी झिजते, पण रुतत नाही, आणि झिजलेली कडी बदलता येते. पुलावरही हाच मार्ग आहे: पिन एका जातीची, भोकात बसवलेली वाटोळी बाही दुसऱ्या जातीची, काशाची किंवा स्वतःच वंगण पुरवणाऱ्या अस्तराची. दोन्ही बाजूंनी स्टेनलेसच हवं असेल तर एक बाजू नायट्रॉनिक ६० सारखी घ्यावी. घासलं की त्याचा पृष्ठभाग झपाट्याने कठीण होतो आणि सोलवटत नाही. दोन ३०४ जिथे थोड्याशा दाबात धरतात, तिथे त्याच्या कित्येक पट दाबातही हे घसरत राहतं.

जोडीत आणखी एक हिशेब असतो. ओलाव्यात दोन वेगळे धातू टेकले की त्यांची जणू बॅटरी बनते आणि त्यांतला हलका गडी झपाट्याने झिजतो. स्टेनलेस पिनेशेजारी साध्या पोलादाची पट्टी असेल तर झळ पट्टीला बसते. पण वाड्यावर चार पाहुणे उतरले तर जड जात नाही. पट्टी आणि तुळई अवाढव्य, पिन लहान, त्यामुळे नुकसान पसरून जातं. याच्या उलट, स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला साध्या लोखंडाचे चार बोल्ट लावले तर ते बोल्ट पाहता पाहता संपतात; दोन खोल्यांच्या घरात चाळीस पाहुणे उतरल्यासारखं. मात्र पिनेच्या तोंडाशी, अगदी टेकणीच्या कडेला, पट्टी खाल्ली जाऊ शकते. म्हणून तिथे रंग, मेणचट ग्रीस आणि पाणी अडवणारी झापडं लागतातच. आणि वरच्या रस्त्यातली पाणी जाण्याची तोंडं उघडी हवीत. मायनसच्या पुलावर याच गोष्टीकडे दुर्लक्ष झालं होतं, आणि कितीही महागडं पोलाद घेतलं तरी अशा दुर्लक्षाची भरपाई होणार नाही.

पिनेच्या पोटात डोकावताना

पिनेचा मधला भाग कधीच दिसत नाही. तपासनीस तिच्या उघड्या टोकावर एक छोटं यंत्र टेकवून आत ध्वनिलहरी सोडतात आणि परतणारा प्रतिध्वनी ऐकतात. तडा असेल तर हाक लवकर परतते. इथेही धातूची जात आड येते. ३०४ सारख्या पोलादाच्या जाड तुकड्यात आतले कण मोठे असतात, लहरी त्यांवर आपटून विखुरतात आणि भर बाजारात मारलेल्या हाकेसारखा गलका तेवढा परत येतो. तपासणीला सोपं पोलाद हाही निवडीचा निकष असायला हवा, आणि तो फार वेळा विसरला जातो असं मला वाटतं.

तपासणीत तडा सुटला तरी निभावावं म्हणून मायनसनंतर अनेक जुन्या पुलांवर टांगलेल्या तुकड्याखाली आधाराच्या जादा तुळया किंवा झोळ्या बसवल्या गेल्या, म्हणजे पिन गेलीच तरी तुकडा नदीत जाऊ नये.

बाकी डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणाही असतात. पिनेच्या टोपीच्या कडेने कोकोसारखी तांबूस-तपकिरी भुकटी गळू लागली तर आत काहीतरी घासतं आहे. आणि एक साधा उपाय तर दोन रुपयांच्या रंगात होतो. पिनेचं टोक, पट्टी आणि तुळई यांच्यावरून सलग एक बारीक रेघ ओढून ठेवायची. जानेवारीच्या थंडीत ओढलेली रेघ मे महिन्याच्या दुपारी जाऊन पाहायची. ती कुठेतरी मिलिमीटरभर तुटलेली असेल तर सांधा फिरतो आहे. जशीच्या तशी सरळ असेल, तर दुसऱ्याच दिवशी तिथे माणसं पाठवायला हवीत.